घटकेतली कणी

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची वाटी आहे. हल्ली माझ्यात तांदूळ मोजतात. घरात माणसं तीन असली तर दोन वाट्या, पाहुणा आला तर तीन. काम बरं आहे, पण माझा जन्म यासाठी झाला नव्हता. माझा जन्म बुडण्यासाठी झाला होता.

माझ्या तळाशी सुईच्या अग्राएवढं एक भोक आहे. मला पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडलं, की त्या भोकातून पाणी हळूहळू आत चढतं. मी भरत जाते, जड होते आणि शेवटी टण्‌कन तळाशी जाऊन बसते. याला लागतात बरोबर चोवीस मिनिटं, म्हणजे एक घटका. म्हणून लोक मलाही घटकाच म्हणत. घड्याळं नव्हती तेव्हा लग्नाचा मुहूर्त मीच सांगत असे. मी बुडाले की अक्षता पडत, ताशे वाजत आणि मांडवातली माणसं आनंदाने ओरडत. कोणी बुडालं म्हणून एवढा आनंद होतो, हे मला पहिल्या दिवसापासून विचित्र वाटत आलं आहे.

पेणच्या एका तांबटाने मला घडवलं. वाटी ठोकायला त्याला एक दिवस लागला आणि भोक पाडायला आठ. सुई लावायची, पाण्यात सोडायची, जुन्या घटकेशी ताडून पाहायची आणि पुन्हा सुई लावायची. मला नेताना त्याने बजावून सांगितलं, "हिला घासा, पुसा, पण भोकात काय जाऊ देऊ नका. हिचा जीव त्या भोकात हाय." तेव्हा मला ते शब्द फार मोठेपणाचे वाटले होते.

मी आले ती उरणजवळच्या एका खाडीकाठच्या गावात. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला मिठागरं, आणि मधे चाळीस-पन्नास घरं. या गावांतली लग्नं भटजी लावत नसत, धवलारीण लावत असे. धवलारीण म्हणजे धवळे, लग्नाची पारंपरिक गाणी, गाणारी बाई. मांडवाचा पहिला खांब रोवण्यापासून नवरीची पाठवणी होईपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला पाठ असायचं आणि तिच्या गाण्याशिवाय एकही विधी पुढे सरकत नसे. उरणचा जोशी फक्त दिवस आणि वेळ सांगून जाई. बाकी सगळं धवलारणीच्या गळ्यावर आणि माझ्या भोकावर चालायचं.

आमच्या गावची धवलारीण होती जनी. नवरा लवकर गेलेला, एक मुलगा चांगदेव आणि एक मुलगी रंगू. जनीचा आवाज असा, की खाडीपलीकडून मचव्यात बसलेलं वऱ्हाडसुद्धा तो ऐकून गप्प होई. तेव्हाची लग्नं चार-चार दिवस चालत. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, जात्यावर दळलेली हळद, आणि सगळ्या गावाने मिळून कांडलेला भात. मला घासायला चिंच मिळायची आणि कुंकवाची बोटं लागायची. मी मिरवून घेत होते, खोटं कशाला बोलू?

माझ्याबद्दल दोन नियम होते आणि ते गावात कोणी मोडत नसे. पहिला, तरंगत्या घटकेला हात लावायचा नाही. दुसरा, घटका राखणाऱ्या बाईने ती बुडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. जनी एरवी दिवसभर गायची, पण ती चोवीस मिनिटं माझ्याजवळ मुकी बसायची.

एकोणीसशे एकवीस साली रंगूचं लग्न निघालं. ती आठ वर्षांची होती. त्यात कोणाला वावगं वाटलं नाही. जनी स्वतः सातव्या वर्षी सासरी आली होती. हळदीने माखलेली रंगू माझ्या घंगाळाशी येऊन बसली आणि पाण्यात वाकून पाहू लागली.

"आये, ही बुडतंय कशाला?" तिने विचारलं. "हिला पवाया येत न्हाय?"

जनीने नियम पाळला. रंगूने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा आईचा पदर ओढला, आणि उत्तर मिळत नाही म्हणून रुसून मामाच्या खांद्यावर झोपून गेली. मी बुडाले. झोपलेल्या पोरीवर अक्षता पडल्या. ती जागी झाली ती ताशांनी, आणि घाबरून रडली. लोक हसले.

पाच वर्षांनी रंगू बाळंतपणाला माहेरी आली. तेरा वर्षांची होती. दुखणं तीन दिवस चाललं. मी फडताळात होते, मला सगळं ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी आवाज थांबला. बाळाचा आवाज तर आलाच नाही. रंगूचं दिवसकार्य झाल्यावर जनीने फडताळ उघडलं, मला हातात घेतलं आणि कितीतरी वेळ माझ्या भोकाकडे बघत राहिली. मग मला पालथं घालून ठेवलं.

तरी पुढच्या लग्नसराईत आम्ही दोघी कामाला लागलो. धवलारणीने नाही म्हटलं तर गावची लग्नं अडतात. जनी पूर्वीसारखीच गायची, लोकांना फरक कळला नाही. मला कळला. ती आता मला पाण्यात सोडताना डोळे मिटून घ्यायची.

मित्रांनो, यानंतर जे साल आलं त्याची मला अजून धास्ती वाटते. एकोणीसशे तीसच्या माघात गावोगाव एक बातमी पसरली. सरकारने कायदा केला आहे, एप्रिलच्या एक तारखेपासून चौदा वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावणाऱ्याला तुरुंग. बातमी एवढीच होती. पण ती एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जाताना फुगत गेली. कोणी म्हणे, पोरी मोजायला साहेब येणार. कोणी म्हणे, ज्यांची लग्नं झाली नाहीत त्यांची कधीच होऊ देणार नाहीत. आणि मग सगळ्यांची एकच घाई सुरू झाली.

त्या दोन महिन्यांत मी जितक्या वेळा बुडाले तितक्या वेळा आधीच्या दहा वर्षांत बुडाले नव्हते. एका मांडवात तीन तीन लग्नं. चार दिवसांचं लग्न एका दिवसावर आलं. अर्ध्या विधींची गाणी गाळायला लागली. सहा वर्षांच्या मुली आल्या, चार वर्षांच्या आल्या. एक नवरी तर अंगावर पीत होती. मांडवाला डहाळ्या मिळेनात, म्हणून ताडाच्या वाळक्या झावळ्या टाकल्या जात. गाणं, ताशे, जेवणं सगळं होतं, पण माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघत नव्हती. मी घंगाळाच्या तळाशी बसून मोजत होते आणि मोजता मोजता चुकत होते.

जनीच्या घरी पोर होती. चांगदेवची मुलगी गोदू, नऊ वर्षांची. पुढचे दोन दात नुकतेच नवे आलेले. मिठागराच्या बांधावरून पळत सुटली की तिला हाका मारून उपयोग नसे.

चांगदेव वाईट माणूस नव्हता. पण तो घाबरला होता. खाडीपलीकडचा बुधाजी त्याच्याकडे आला. बुधाजी मुंबईला गोदीत मुकादम होता, कनवटीला साखळीचं घड्याळ लावायचा. त्याचा मुलगा पंधरा वर्षांचा होता. घर खाऊन-पिऊन सुखी. सोयरीक जुळली. जोश्याने पंचांग बघून सांगितलं, "शिमग्यानंतर हा एकच मुहूर्त. यापुढे कायद्याच्या आत दुसरा नाही. सूर्य बुडाला की घटका सोडा, घटका बुडाली की अक्षता टाका. मला यायला जमणार नाही, त्या दिवशी उरणात माझी सात लग्नं आहेत."

जनी मुलाला म्हणाली, "चांगदेवा, रंगूला विसरलास?"

"न्हाय विसरलो, आये. पण कायदा झाल्यावं हिला कोन करंल? घरात ठेवून म्हातारी करू?"

"पाच वर्सं थांब रं."

"सगला गाव करतंय. मी एकटा थांबू?"

जनीचं म्हणणं ऐकायला त्या महिन्यात कोणाला सवड नव्हती. मला वाटलं, झालं, रंगूसारखी गोदूही गेली.

लग्नाच्या दिवशी सकाळी जनी अक्षता निवडायला बसली. मित्रांनो, अक्षत म्हणजे न मोडलेलं. म्हणून अक्षतांना सबंध तांदूळच चालतो. मोडलेला दाणा, म्हणजे कणी, वेचून बाजूला काढायची असते. कणी मांडवात आली तर अपशकुन. जनीने एकेक कणी वेचली. हळदीची बोटं लागून त्या पिवळ्या झाल्या होत्या. एरवी ती कण्या कोंबड्यांना टाकी. त्या दिवशी तिने त्या लुगड्याच्या पदराला गाठ मारून ठेवल्या. मी पाहिलं, पण मला अर्थ लागला नाही.

वऱ्हाड दुपारी मचव्याने आलं. त्या दिवशी भरती सूर्यास्ताच्या सुमाराला होती. मचवा हाकणाऱ्या तांडेलाने आधीच सांगून ठेवलं होतं, पाणी उतरायच्या आत निघालं पाहिजे, नाहीतर मचवा चिखलात बसेल आणि सकाळपर्यंत हलणार नाही.

सूर्य खाडीवर टेकला. जनीने घंगाळ भरलं. हळद लावलेली, मुंडावळ्या बांधलेली गोदू माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली. अगदी त्याच जागी, जिथे नऊ वर्षांपूर्वी रंगू बसली होती.

"आजे," ती हळूच म्हणाली, "ही बुडली का मी जायाचं?"

जनीने मला उचललं होतं. ओठ मिटलेलेच होते. तिने पदराची गाठ सोडली. एक कणी बोटांत धरली, तिचं टोक माझ्या भोकात बसवलं आणि अंगठ्याने आतून दाबलं. मग मला पाण्यावर ठेवलं. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. ती गोदूकडे बघत होती आणि गोदू तिच्या अंगठ्याकडे.

तांदूळ पाण्यात फुगतो. कणीही फुगली. माझ्यात पाण्याचा थेंब येईना. आयुष्यात पहिल्यांदा मी नुसती तरंगत होते. मला भीती वाटली. आपलं काम आपल्याकडून होत नाही, याची भीती वाटतेच.

घटका सरली असेल. ताशेवाले काठ्या उचलून तयार. कोणीतरी वाकून पाहिलं, "अजून हाय वर." आणखी थोडा वेळ गेला. अंधारलं, दिवे लागले. आता मांडवातली कुजबुज थांबली. एवढी माणसं असून माझ्या काठावर पाणी आपटतं तेवढाच आवाज येत होता. हात लावायचा नव्हता. जनीला विचारायचं नव्हतं. विचारलं असतं तरी ती बोलायची नव्हती.

बुधाजीने घड्याळ काढलं. दिव्याशी धरून म्हणाला, "सहा चालीस झाल्यान." त्याच्याबरोबर आलेल्या एकाने मुंबईचं छापील कॅलेंडर पाहिलेलं होतं. तो म्हणाला, त्यात सूर्यास्त सहा पन्नासला आहे. म्हणजे हिशेबाने सूर्य अजून बुडालाच नव्हता! बाहेर तर चांदण्या निघालेल्या.

"तुमचं घड्याल मुंबय टाइमाचं का ठेसनाच्या टाइमाचं?" चांगदेवने विचारलं.

"गोदीचं हाय. गोदीचं टाइम तेच खरं टाइम."

"मंग कॅलेंडर ठेसनाचं असंल. दोन टाइमांत पाऊन तासाचा फरक हाय म्हनतात."

"कुठचं पुढं, कुठचं मागं?"

तेव्हा मुंबईची वेळ वेगळी आणि रेल्वेची वेगळी चालायची, पण पुढे कुठली ते कोणालाच नक्की सांगता येईना. एका सूर्याच्या दोन वेळा घेऊन माणसं भांडत राहिली, आणि सूर्य बुडाला तेव्हा घड्याळात काय वाजलं होतं हे बघायचं तर सगळेच विसरले होते. एरवी मला हसू आलं असतं. तेवढ्यात बंदरावरून तांडेलाची हाक आली. पाणी उतरू लागलं होतं.

तेव्हा बुधाजीची बायको उठली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "घटका बुडत न्हाय म्हंजी देवाच्या मनात न्हाय," ती म्हणाली. "या घरची एक पोर अशीच गेली. माज्या पोराला या मांडवात उबा करनार न्हाय मी. चला."

बुधाजीने चार शिव्या दिल्या, पण तोही मागे वळून न बघता निघाला. वऱ्हाड गेलं. हळदीची गोदू मांडवात एकटी बसून राहिली आणि तिने भूक लागली म्हणून सांगितलं.

मग लोकांनी मला उचललं. भोकात पिवळा दाणा दिसला. अक्षत उडून अडकली, असं सगळे म्हणाले. ती अक्षत नव्हती, कणी होती, हे फक्त तिघींना ठाऊक होतं. चांगदेव सुई घेऊन आला. जनीने माझ्यावर हात ठेवला. आता ती बोलू शकत होती.

"देवानं लावल्यालं बूच हाय," ती म्हणाली. "काढनार असशील तर तू जान आनि तुजी पोर जानं."

चांगदेवने सुई ठेवून दिली.

तुम्हाला वाटेल, इथे गोष्ट सुखाची झाली. तसं नाही. पावसाळा सरल्यावर बुधाजीचा निरोप आला. हबसाणात, म्हणजे श्रीवर्धनकडे जंजिऱ्याच्या नवाबाच्या मुलखात, हा कायदा लागू नाही असं लोक म्हणत. मुलीला मचव्यात घालून तिकडे न्यायचं, लग्न लावायचं आणि परत यायचं. बायकोची समजूत घालतो, तुम्ही पोर आणा, असा निरोप होता. चांगदेव आठ दिवस जेवला नाही. रोज फडताळ उघडायचा, मला बघायचा, कणी तशीच आहे हे बघायचा आणि फडताळ लावायचा. नवव्या दिवशी त्याने नाही म्हणून कळवलं.

बुधाजीने मग दुसरी मुलगी पाहिली. सात वर्षांची होती म्हणे. मचवा हबसाणात गेला आणि लग्न लावून आला. ती पोर कोण, तिचं नाव काय, पुढे तिचं काय झालं, मला आजवर कळलेलं नाही. गोदूच्या जागी ती गेली, एवढं मात्र मला कळतं. हे मी मनातून काढू शकत नाही.

आमचे दिवस फिरले. जिची घटका बुडत नाही ती कसली धवलारीण, असं लोक बोलू लागले. जनीला मांडवात बोलावणं बंद झालं. ती खरं सांगू शकली असती. सांगितलं असतं, तर चांगदेवने कणी काढली असती. ती मीठ ओढायला बांधावर जायची, आणि गायचीच झाली तर खाडीकडे तोंड करून एकटी गायची. माझ्यावर कोळ्यांनी जाळी धरली. मला काम नव्हतं, चिंच नव्हती, कुंकू नव्हतं.

एकोणीसशे सदतीस साली गोदूचं लग्न झालं. सोळा वर्षांची, आईच्या डोक्यापेक्षा उंच. तोपर्यंत सगळंच पालटलं होतं. लग्न दीड दिवसाचं. छापील पत्रिका, कापडाचा मांडव, गॅसबत्त्या, पनवेलहून आलेला बँड. उरणहून भटजी आला, त्याच्या मनगटावर घड्याळ. त्याने "सावधान" म्हटलं आणि दोन मिनिटांत सगळं उरकलं. धवळे कोणी मागितले नाहीत. जनी बायकांत मागे बसली होती. बँड थांबला तेवढ्यात तिने पाठवणीच्या गाण्याची एक ओळ उचलली, पण बँड पुन्हा सुरू झाला.

निघताना गोदूला विचारलं, तुला काय हवं? तिने मला मागितलं. बायका हसल्या. ही बंद पडलेली वाटी कशाला? गोदूने जनीकडे पाहिलं. जनीने मला पदराने पुसलं आणि तिच्या ओटीत घातलं. त्याच वर्षी पावसात जनी गेली.

गोदूचं सासर मिठागरवाल्यांचंच. नवरा मोरू, सासरा अंबाजी. माणसं बरी आहेत. गोदूने पहिल्या दिवसापासून मला तांदळाच्या डब्यात ठेवलं. भोक बंद असल्यामुळे एक दाणा गळत नाही. गेल्या वर्षी तिला मुलगी झाली. तिने नाव ठेवलं जनी.

परवा अंबाजीने मला हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि तो खूश झाला.

"अगं, ही तर घटका हाय!" तो म्हणाला. "माज्या लग्नात हीच व्हती असली. आताची लग्नं म्हंजी काय, बँड आनि घड्याल. गोदू, तुज्या पोरीचं लगीन आपुन जुन्या रीतीनं करू. दोस्ताचा नातू हाय माज्या बगन्यात. पाच-सात वर्सांची झाली का हबसाणात नेऊन लावून टाकू. हिचं भोक तेवढं मोकलं करूया."

"मामंजी," गोदू म्हणाली, "ही आता तांदूल मापायची वाटी हाय."

अंबाजी हसला. त्याला ती थट्टा वाटली. त्याने एक दाभण शोधून आणलं आणि कोनाड्यात माझ्या शेजारी ठेवून दिलं, सवड मिळेल तेव्हा बघू म्हणून.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, आम्हाला सांभाळा, आमचं मोडलेलं दुरुस्त करा, आम्हाला पुन्हा कामाला लावा. माझी विनवणी उलटी आहे. मी कधी तुमच्या हाती आले तर मला घासा, पुसा, माझ्यात तांदूळ मोजा. मात्र माझ्या तळाशी एक काळी पडलेली कणी आहे, तिला सुई लावू नका. तांबट म्हणाला होता माझा जीव भोकात आहे. तो गेला तर जाऊ द्या.

दाभण अजून तिथेच आहे. रोज सकाळी तांदूळ मोजण्याआधी गोदू पाळण्याकडे एकदा बघते आणि अंगठ्याने ती कणी आत दाबते.